डाव्या पायाची नोकरी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव, गाव, लग्न, स्वयंपाक यातलं काहीच विचारलं नाही. अंगणात बाजेवर बसून ते सुतळी वळत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमच्यापाशी बंद पडलेलं काही आहे का?"

मला वाटलं, माणूस भंगारवाला आहे. म्हटलं, "एक मिक्सर आहे. जळालेला."

"आणा," ते म्हणाले. "अन् तुम्हीही या."

अशी मी दारव्ह्यात त्यांची भाडेकरू झाले. शाळा जवळ होती, नळाला पाणी होतं, आणि वरच्या खोलीत वारा यायचा. मास्तरणीला आणखी काय पाहिजे? मिक्सरचं भांडं थोड्याच दिवसांत कोंबड्यांना पाणी पाजायला लागलं. मोटर कुठे गेली ते मी विचारलं नाही. त्या घरात विचारायची सोय नव्हती, कारण ते उत्तर द्यायचे आणि उत्तर जेवणवेळेपर्यंत चालायचं.

त्यांना रिकामं काही बघवत नसे. माणूस असो, वस्तू असो, जनावर असो. बंद फ्रिजमध्ये त्यांनी तुरीचं बियाणं ठेवलं होतं, उंदीर लागत नाही म्हणून. मोडका पंखा उलटा टांगून त्याच्यावर सुतळीला पीळ द्यायचे. एक शेळी आंधळी होती. ती त्यांच्या बायकोनं, काकूंनी, कधीच विकून टाकली असती, पण ह्यांनी तिला फाटकापाशी बांधलं. कोणाचंही पाऊल वाजलं की ती ओरडायची. "आंधळ्याले ऐकू जास्त येते," ते सांगायचे. "बेल लावली तं लाइन गेल्यावर बंद. ही लाइनीवर नाही, पाल्यावर चालते."

मलाही काम मिळालंच. एका रविवारी मी गच्चीवर केस वाळवत निवांत बसले होते. खालून आवाज आला, "मॅडम, सुट्टीच्या दिवशी तुमचा आवाज रिकामाच असते ना?"

"म्हणजे?"

"वाळवणावर माकडं येऊन राह्यली. तुमची एक हाक पोट्टे ऐकतात, माकडं नाही ऐकत का?"

मी मुळातच चिडकी. म्हटलं, "काका, मी भाडेकरू आहे, राखणदार नाही." पण तेवढ्यात एक हुप्प्या तुरीवर येऊन बसलाच, आणि माझ्या तोंडून वर्गात निघते तशी किंकाळी निघाली. माकड पळालं. खालून काका समाधानानं म्हणाले, "पाहा, सडून राह्यला होता आवाज." तेव्हापासून दर रविवारी मी माकडं हाकलली. जळलं मेलं ते घर, प्रत्येकाला कामाला लावायचं.

अख्खं दारव्हा त्यांना नायक म्हणायचं, म्हणजे तांड्याचा मुखिया. त्यांचा बंजारा तांडा तिथून जवळच. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला, आणि ते ती गोष्ट अशी सांगायचे जशी काल घडली. "चालता बैल मरत नसते, मॅडम. बसला का गेला." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की वर्गात पेंगणाऱ्या पोरांना मीही ते सुनवायला लागले. काकूंशी ते कधी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचे, कधी वऱ्हाडीत. भांडण गोरबोलीत आणि मनधरणी वऱ्हाडीत, असा आपला माझा अंदाज.

आणि त्यांची गाडी. ती सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाहीत.

वणीकडच्या कोळशाच्या पट्ट्यात जमिनीची मोजणी करणाऱ्या कुणा कंपनीनं टाकून दिलेली, लिलावात घेतलेली जुनी जपानी गाडी. समोर चौघापाचांची कॅबिन, मागे माल लादायला उघडा डाला, आणि चारही चाकं ओढणारी. शेताच्या चिखलातून, नाल्यातून, ढेकळांतून ती निघायची. पण होती ऑटोमॅटिक. गिअर आपले आपण बदलायची. पायाशी दोनच पेडल, पळायचं आणि थांबायचं, क्लच नाहीच. म्हणून काका तिला मेमसाब म्हणायचे. "हिले आपण काही सांगाचं नाही, ही आपल्या मनानं करते." असं म्हणताना त्यात थोडं कौतुक आणि थोडा राग असायचा.

ह्याच मेमसाबवर त्यांनी मला गाडी शिकवली. मला स्कूटीपलीकडे काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. पण गाडी दुपारी रिकामी, मी दुपारी रिकामी. त्यांना ते सहन होईना. मागच्या वावरात मला बसवलं आणि म्हणाले, "डावा पाय आसनाखाली दाबून ठेवा, त्याचं इथं कामच नाही. उजव्यानं दाबा अन् चाला." मी चालले. वाटेत पळसाचं एक झुडूप गेलं. ते म्हणाले, "जाऊ द्या, तसंही बेकार उभं होतं."

देव करो आणि असं वेड प्रत्येक घरमालकाला लागो. कारण पुढच्याच दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी खालून काकूंची हाक आली. खाली आले तर काका बाजेवर कलंडलेले. तोंड वाकडं, शब्द जड, डावा हात आणि डावा पाय जणू दुसऱ्याचा. आजूबाजूची गाडी चालवणारी सगळी माणसं कापूस वेचणीला वावरात गेलेली. अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, वेळ लागेल.

मेमसाब अंगणात उभी होती.

मी कशी बसले, कशी निघाले, यवतमाळपर्यंत कुणाला घाबरवलं आणि कोणाच्या शिव्या खाल्ल्या, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की डावा पाय मी आसनाखाली दाबून धरला होता आणि मागून काकू एकसारख्या म्हणत होत्या, "चाल बाई, चाल माय." डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. ते ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि भोंगा पसरून रडले. काकूंनी मला पाणी पाजलं. खरं तर मी त्यांना पाजायला हवं होतं.

जीव वाचला. जीभ वळली. हातही लवकर वळणावर आला. पाय मात्र रुसला तो रुसलाच.

घरी आल्यावर व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट यायची, तरुण, हसरी, चिवट मुलगी. गुडघ्याखाली उशी ठेवून ती म्हणायची, "काका, दाबा. आणखी दाबा." काका उशीकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बाई, उशी दाबून काय होते? उशीतून तेल निघते का?"

"पाय सुधारेल ना."

"पायाले बी समजते, हे खोटं काम आहे."

ती हरली नाही, पण तेही वाकले नाहीत. ती गेली की उशी डोक्याखाली. काकू बोलायच्या, मी बोलायचे, शेजारीपाजारी बोलायचे. ह्यांचं आपलं एकच, खोटं काम करणार नाही. वॉकर धरून थोडं चालायचे, तेही ओढत.

एक दिवस फाटकापर्यंत गेले आणि परत आले. बाजेवर बसले तेव्हा काकूंनी विचारलं, "डावी चप्पल कुठी आहे?"

त्यांनी पायाकडे बघितलं. उजव्या पायात चप्पल, डावा उघडा. तिकडे फाटकापाशी आंधळी शेळी काहीतरी चघळत होती. मी जाऊन चप्पल सोडवून आणली. काका ती हातात घेऊन खूप वेळ बसून राहिले. असं त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. चप्पल निघून गेली हे पायाला कळलंच नाही, आणि ते त्यांना फार लागलं.

"ज्या पायाले चप्पल गेलेली कळत नाही, त्याले चप्पल कायले?" शेवटी ते म्हणाले. "कमावून घेईन मंग तो." आणि मला सांगून ती चप्पल त्यांनी मेमसाबच्या आरशाला टांगायला लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, नजर लागू नये म्हणून ट्रकवाले टांगतात तशी टांगली. कोणी कोणी मान डोलावून म्हणायचं, "चांगलं केलं नायक, नजरच लागली होती." काका कुणाचाच गैरसमज दूर करत नसत.

त्यानंतर ते रोज सकाळी गाडीत जाऊन बसायला लागले. चालवायचे नाहीत, नुसते बसायचे, स्टिअरिंग धरून खाली पायांकडे बघत. मला वाटलं, माणूस खचला. काकूंनाही तेच वाटलं. आम्ही दोघी ओट्यावरून त्यांच्याकडे बघत राहायचो.

मग एके दिवशी अंगणात मिस्त्री आला. मिस्त्री म्हणजे बसस्टँडमागे गॅरेज असलेला, तोंडानं दणदणीत माणूस. गाडी बिघडायच्या आधीच दुरुस्त केल्याचं सांगणारा. काका त्याला म्हणाले, "हिचा ऑटोमॅटिक डब्बा काढाचा. हाताचा गिअर टाकाचा. क्लच पाह्यजे मले."

मिस्त्रीनं डोक्याला हात लावला. "नायकसाहेब, दुनिया गिअरमधून ऑटोमॅटिकमध्ये चालली अन् तुम्ही उलटे? हे तं असं झालं का मोबाइल देऊन कबुतर घेतलं. अन् ज्याचा डावा पाय ठीक नाही तो तं ऑटोमॅटिकच शोधते!"

"म्हूनच," काका म्हणाले. "इतके दिवस मी पाहून राह्यलो. ह्या गाडीत डाव्या पायाले बसाले जागा आहे, काम नाही. बेकार बसून बसून सडला तो. त्याले नोकरी पाह्यजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गच्चीवरून खाली आले ती पायऱ्या मोजत नव्हे, उड्या मारत. "काका, काही लाज? ह्याच गाडीनं तुम्हाला वाचवलं! क्लच असता तर मी गाडी अंगणाबाहेर काढू शकले नसते! तिनं तुमचा जीव वाचवला आणि तुम्ही तिचं आतडं काढता?"

मी एवढी ओरडले की शेळीसुद्धा गप्प झाली. काकांनी मला बोलू दिलं. मग सावकाश म्हणाले, "मॅडम, दवाखान्यात तं तिनं नेलं. तुम्ही नेलं. ते मी मेल्यावर बी नाही विसरत. पण मी अजून घरी आलो कुठी? अर्धा तिथंच राह्यलो."

मी वर गेले आणि अबोला धरला. अबोल्यातही माकडं हाकलली, हे वेगळं.

पुढचं बरंचसं मी गच्चीवरून बघितलं, आणि मला कळलं तेवढंच सांगते. ह्याच जातीच्या गिअरवाल्या गाडीचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, नागपूरच्या भंगार बाजारातून आला. जुना डबा उतरवला तो एवढा अवजड होता की चार जणांनी बाजेसारखा उचलला. इंजिनच्या मागे फ्लायव्हीलची जाडजूड चकती लागली, तिच्यावर क्लचची प्लेट. चाकांकडे जाणारा मागचा लांब दांडा नव्या डब्याला मोठा पडला, तो कापून आणावा लागला. पायाशी तिसरं पेडल आलं, आणि गिअरच्या काठीसाठी कॅबिनच्या तळाला भोक पाडलं. काका खुर्ची टाकून समोर. काढलेल्या प्रत्येक नट-बोल्टला विचारायचे, "ह्याचं आता काय काम?" मिस्त्री वैतागून म्हणायचा, "काही नाही." मग तो बोल्ट काकांच्या खिशात.

सगळं जुळलं आणि चावी फिरवली तर गाडी ढिम्म. मिस्त्री म्हणाला बॅटरी. बॅटरी बदलली, तरी ढिम्म. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या डब्याचा दांडा 'उभी' ह्या खुणेवर असल्याशिवाय ही गाडी सुरूच होत नसे, आणि आता तो दांडाच नव्हता. दोन वायरी जोडल्या तशी गुर्रकन सुरू झाली. काकू म्हणाल्या, "बापरे, तिले अजून वाटत होतं का तिचं जुनंच पोट आहे." काका इतके हसले की त्यांचं अजून किंचित वाकडं राहिलेलं तोंड मला पहिल्यांदा सरळ दिसलं.

मग ते चढले. मिस्त्रीनं डावा पाय उचलून पेडलवर ठेवून दिला. "दाबा."

त्यांनी दाबलं. मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला, हातांनी स्टिअरिंग इतकं आवळलं की बोटं पांढरी पडली. पेडल हललं नाही. पुन्हा दाबलं. हललं नाही. मिस्त्रीसारखा मिस्त्री, तोही अवजारं आवरायला लागला. काका खाली उतरले, वॉकर घेतला आणि कोणाकडे न बघता आत गेले. माझा अबोला तिथेच सुटला. मी दाराशी जाऊन म्हटलं, "काका, चहा घेता?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मनात आलं, आता हा माणूस बसला. त्यांचंच वाक्य मला आठवलं, बसला का गेला.

सकाळी शेळी ओरडली म्हणून खाली बघितलं तर काका फाटकातून मागच्या वावराकडे निघालेले. तिथं शेजाऱ्याची वखरणी चालली होती. एक बैल तयार, दुसरा अजून कच्चा, वासराचा नुकता बैल झालेला. काका बांधाला टेकून बराच वेळ बघत राहिले आणि मग एकदम ओरडले, "मिस्त्रीले बोलवा!"

मिस्त्री आल्यावर त्यांनी त्याला औतापाशी नेलं. "हे जू पाह्य. कच्च्या बैलाच्या बाजूनं लांब सोडलं आहे का नाही?"

"सोडलं आहे."

"कायले?"

"त्याच्यावर वजन कमी यावं म्हून. हे तं कोणीही सांगते."

"मंग माह्या पायाचं जू काहून नाही सोडलं?"

मिस्त्री टाळी वाजवून हसला. पेडलच्या दांड्याला, जिथून क्लचची सळई ढकलली जाते, तिथं वर आणखी भोकं पाडायची. सळईची पिन वरच्या भोकात घातली की पेडल हलकं होतं; कच्च्या बैलाला लांब जू. पाय पक्का होईल तसतशी पिन खाली आणायची, एकेक भोक. शेवटचं भोक म्हणजे कंपनीनं दिलेलं, पक्क्या पायाचं.

पण मिस्त्रीला कीव आली आणि त्यानं पिन पार वर नेऊन ठेवली. पेडल लोण्यासारखं दबलं! काकांचा चेहरा उजळला, काकूंनी हात जोडले, मी टाळ्या वाजवल्या. काकांनी गिअर टाकला, तो करकर करत कसाबसा पडला, आणि पेडल तळाला टेकलेलं असतानाच गाडी चालू लागली. एवढ्या हलक्या पेडलनं सळई पुरती ढकललीच जात नव्हती, क्लच सुटतच नव्हता. "थांबवा!" मिस्त्री. "दाबलंच तं आहे!" काका. "दुसरं दाबा!" मी. तोवर मेमसाब शांतपणे, पाहुण्यांकडे निघाल्यासारखी, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात तोंड खुपसून बंद पडली. काका पऱ्हाट्यांच्या काड्या केसांत घेऊन खाली आले आणि म्हणाले, "जास्त लाड केले तं बैल औत नाही ओढत. एक भोक खाली घे."

तिथून त्या पायाची नोकरी सुरू झाली. रोज सकाळी मागच्या वावरात. फिजिओवाल्या मुलीनं बघितलं तेव्हा ती आधी हसली, मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, मी दुसरं काय सांगत होते? पण मी आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत रस्त्यावर नाही. शपथ घ्या." त्यांनी घेतली आणि पाळली. एवढंच नाही, तिची उशीही दाबायला लागले. "ते शिकवणीचं काम," म्हणायचे, "हे पगाराचं."

काकू बाजूच्या सीटवर बसायच्या, हँडब्रेकवर मूठ आवळून. काकांचा पाय चुकला, गाडी नको तिकडे निघाली की काकू खस्सकन ब्रेक ओढायच्या. आयुष्यभर त्या माणसाला त्यांनी असाच लगाम घातला होता, आता फक्त दांडा हातात आला. भांडणं गोरबोलीत व्हायची, तीही काचा बंद करून. बाहेरून नुसते हात दिसायचे. आरशाची चप्पल मधोमध डोलायची.

पिन एक भोक खाली आली की त्या दिवशी घरात लापशी. मलाही वाटी यायची. पिन खाली यायला कधी फार दिवस लागायचे, आणि त्या दिवसांत काका चिडचिडे व्हायचे, वॉकरला शिव्या द्यायचे. एकदा पिन परत वर न्यावी लागली. त्या सकाळी काकूंनी मला सांगितलं, "मॅडम, आज त्यांच्याशी बोलू नका, नाही तं तुमाले काम लावतील." मी मुद्दाम बोलले. त्यांनी मला क्लच शिकवायला घेतला. मी मेमसाब इतक्या वेळा बंद पाडली की त्यांचा स्वतःबद्दलचा राग पार निघून गेला. "तुमचे तं दोन्ही पाय चांगले आहेत ना, मॅडम?" असं त्यांनी अगदी काळजीनं विचारलं. वॉकर कधी सुटला ते नीट आठवत नाही. एक दिवस पाहिलं तर त्यावर दोडक्याचा वेल चढवलेला होता.

आणि मग माझी बदली आली. झरी जामणी तालुका, जंगलातली वस्ती, शाळा दोन खोल्यांची. मी खाली येऊन सांगितलं. काकू पदराआड गेल्या. काका म्हणाले, "सामान किती आहे?"

"काका, मी टेम्पो सांगते."

"आमच्या लोकाईनं पिढ्यान्‌पिढ्या लोकायचं सामान वाह्यलं, अन् आमच्या घरच्या माणसाचं टेम्पोत जाईन का?"

डॉक्टरांनी रस्त्याची परवानगी नुकतीच दिली होती. तरी मी त्या मुलीला फोन करून पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "जाऊ द्या. दमले तर थांबा." पिन कोणत्या भोकात आहे, हे मी काकांना विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

पहाटे नव्हे, चांगलं ऊन पडल्यावर निघालो. डाल्यात माझं कपाट, गादी, पुस्तकांची खोकी. पुढे ते दोघं, काकूंची मूठ ब्रेकवर. मागे मी, मांडीवर मिठाचा डबा. काकूंनी तो नव्या घरात सगळ्यात आधी न्यायला सांगितला होता. यवतमाळ गेलं, पांढरकवडा गेलं, सागाचं जंगल लागलं. मी एकदाही बाहेर बघितलं नाही. मी त्यांच्या डाव्या गुडघ्याकडे बघत होते.

वस्तीच्या अलीकडे एक नाला लागतो. उतरून पलीकडे एकदम उभा चढ. अर्ध्या चढावर आलो आणि वरून शेळ्यांचा कळप रस्ताभर उतरला. काकांना थांबावं लागलं. भरलेली गाडी, खाली नाला. चढावर ऑटोमॅटिक गाडी आपली आपण तग धरते. गिअरची गाडी धरायची तर क्लच अर्धा सोडायचा, ना पुरता दाबलेला, ना पुरता सुटलेला, आणि तो तिथंच धरून पुढे निघायचं. चांगल्या पायांची माणसंही तिथं मागे घसरतात. मी स्वतः मागच्या वावरातल्या बांधावर घसरले होते.

शेळ्या गेल्या. काकूंची मूठ ब्रेकवर पांढरी पडली होती.

"हात काढ," काका म्हणाले.

"नाई काढत."

"काढ म्हन्तो ना. तुह्या हातानं चढलो तं मी चढलो कुठी?"

काकूंनी माझ्याकडे मागे वळून बघितलं. मग त्यांनी मूठ सोडली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, देवळात बसतात तसे. काकांचा डावा पाय हळूहळू वर आला. गुडघा थरथरत होता, डोळ्यांना दिसेल एवढा. इंजिनचा आवाज खाली बसला. गाडी थरथरली, मागे नाही, पुढेही नाही, तिथंच उभी. मी मिठाचा डबा छातीशी धरला. मग उजवा पाय ब्रेकवरून निघाला, आवाज चढला आणि आम्ही वर गेलो.

चढ संपल्यावर काकूंनी एवढा मोठा सुस्कारा टाकला की समोरची काच धुरकट झाली. मग त्या हसायला लागल्या, मग मी, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत, डोळे पुसत वस्तीत शिरलो. इतकं हलकं मला त्या दवाखान्याच्या पायरीवरसुद्धा वाटलं नव्हतं.

शाळेच्या अंगणात गाडी थांबली. काकांनी चावी काढली आणि म्हणाले, "शेवटच्या भोकात आहे. परवापासून." मग काकूंना, "ती काढ."

काकूंनी आरशाची चप्पल सोडली. उन्हानं कडक झालेली, एका कडेला शेळीनं खाल्लेली. त्यांनी ती खाली टाकली. दार धरून काका उतरले, डाव्या पायाचा अंगठा चाचपडत चाचपडत चपलेत गेला. मी धरायला पुढे झाले तर हातानंच थांबवलं.

ते चालले. अंगण ओलांडून शाळेच्या पायरीपर्यंत गेले, पायरीला हात लावला आणि परत आले. पाय थोडा ओढत होता, तो पुढेही ओढतच राहिला. पण माझ्यापाशी येऊन त्यांनी खाली बघितलं, तेव्हा चप्पल पायातच होती.

"मॅडम," ते म्हणाले, "आता आलो घरी."